जुन्या लुगड्याचे दुपटे

अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर) इतिहास आजवर बहुतेक दगडाच्या आधाराने लिहिला गेला. भुईकोट किल्ला, फराहबाग, दमडी मशीद, चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तट पाडला आणि चांदबीबीने एका रात्रीत खिंडार बुजवून घेतले, हे शाळकरी मुलालाही सांगता येते. किल्ल्याचे नाव निघाले की माझ्यासारख्या उर्दू शिकवणारीला मौलाना आझादांची कैद आणि 'गुबार-ए-खातिर' आठवते. या साऱ्याविषयी लिहावे तेवढे थोडेच. परंतु त्या तटाआड आणि तटाबाहेर राहणाऱ्या साध्या घरांतील बायांनी दिवस गेल्यावर हातात सुई घेऊन काय शिवले, कशाचे शिवले आणि कोणत्या भीतीने शिवले, याकडे इतिहासकारांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

कारण उघड आहे. दगड टिकतो, दुपटे टिकत नाही. बाळाचे कापड शंभरदा धुतले जाते, पाठच्या भावंडाला पुरवले जाते, मग त्याचे पोतेरे होते आणि शेवटी ते चुलीत जाते. जगात जिथे असे कापड टिकले तिथे ते दुःखामुळेच टिकले. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये १७४१ पासून गरीब आया आपली तान्ही मुले सोडून जात. पुढे कधी परत न्यायला आल्या तर ओळख पटावी म्हणून मुलाच्या कपड्याचा किंवा आईच्या वस्त्राचा एक तुकडा नोंदीच्या कागदाला टाचणीने लावून ठेवला जाई. असे पाच हजारांवर तुकडे आज जपलेले आहेत आणि अठराव्या शतकातील इंग्लंडची गरीब बाई काय नेसत होती, हे अभ्यासक त्यावरून सांगतात. आपल्याकडे अशी वही नाही. आपल्याला शब्द, धंदे आणि चालीरीती यांच्यावरूनच माग काढावा लागतो.

आधी शब्द पाहू. येणाऱ्या बाळासाठी आणि बाळंतिणीसाठी माहेराकडून जे सामान येते त्याला मराठीत बाळंतविडा म्हणतात. त्यात कुंची, टोपडी, झबली, लंगोट, दुपटी, लहानशी गोधडी आणि मोहरी भरलेली उशी. आपल्या घरांतही हेच सामान. फक्त टोपडे-झबल्याला टोपी-कुर्ता, लंगोटाला पोतडे आणि मोहरीच्या उशीला राईचा तकिया म्हणायचे. (डोके गोल व्हावे म्हणून ही उशी ठेवत. तान्ह्या बाळाला उशीच नको, असे आता डॉक्टर सांगतात, ते ऐकावे.) जन्मजात श्रीमंताला उर्दूत 'पोतड़ों के रईस' म्हणतात, म्हणजे लंगोटापासूनचा रईस. या वाक्प्रचारातच एक सामाजिक सत्य दडलेले आहे. ज्याचा लंगोटसुद्धा खास त्याच्यासाठी आणलेल्या कापडाचा, तो रईस. बाकी सगळ्यांचे पहिले वस्त्र कोणीतरी आधी वापरलेले असे.

हे वापरलेले कापड कुठून येत होते? १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या अहमदनगर गॅझेटियरमध्ये जिल्ह्यातील जातीजमातींची आणि त्यांच्या धंद्यांची तपशीलवार नोंद आहे. नगर आणि भिंगार ही लुगडी विणणारी गावे होती. साळी, कोष्टी, पद्मशाली यांच्या जोडीला आपले मोमीन विणकरही मागावर बसत. ग्रामीण भागातील मुसलमान बाई तेव्हा लुगडेच नेसत असे; सलवार-कमीज ही अलीकडची गोष्ट. तेव्हा वस्त्राचा प्रवास असा होई की मोमिनाने किंवा साळ्याने विणलेले लुगडे आजी वर्षानुवर्षे नेसे, ते विरले की त्याचे मधले पदर फाटत आणि काठ शाबूत राही. मऊ झालेला, खळ पूर्ण निघून गेलेला तो भाग बाळाच्या दुपट्याला सर्वांत चांगला. नव्या मांजरपाटाची खळ तान्ह्याच्या कातडीला बोचते, हे कोणाही आईला पुस्तकाशिवाय कळत होते. घरातल्या पुरुषाचे जुने धोतर, लुंगी, फेटा यांचे लंगोट होत. झबल्याला गुंडी न लावता बंद लावायचे आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे ती अंगाला लागत नाही. ही अक्कल कुठल्या शिंप्याने शिकवलेली नव्हे.

गोधडीत कापसाचा थर भरायचा असेल तर पिंजाऱ्याची गाठ घ्यावी लागे. या माणसाविषयी मला थोडे थांबून लिहायचे आहे, कारण आपल्या समाजाच्या इतिहासात त्याची आठवण फार थोडी निघते. खांद्यावर लांब कमान, तिला ताणून बसवलेली तात आणि तातेवर मारायचा लाकडी ठोकळा एवढ्या भांडवलावर तो गावोगाव फिरे. थंडीच्या तोंडावर तातेचा आवाज गल्लीत आला की बाया जुन्या गाद्या-उशा बाहेर काढत. गुठळ्या झालेला कापूस तातेच्या कंपाने मोकळा होई, त्यातली धूळ आणि सरकीचे कण वेगळे पडत आणि दबलेला ढीग पाहता पाहता फुगून दुप्पट दिसू लागे. बाळाच्या गादीला तो मोकळा, हलका कापूस वेगळा काढून देई. अरबीत पिंजाऱ्याला 'हल्लाज' म्हणतात आणि इ. स. ९२२ मध्ये बगदादला सुळी दिलेल्या मन्सूर हल्लाजच्या नावाशी नाते सांगून आपले पिंजारी स्वतःला मन्सुरी म्हणवून घेतात. सूफींच्या ठिगळाच्या झग्याला, खिरक्याला, आपल्या साहित्यात मोठा मान आहे. मन्सुरींनी पिंजलेल्या कापसाच्या लहान गोधडीला तो मिळाला नाही. पुढे पिंजण्याची यंत्रे आली, मग फोम आला आणि कमान खांद्यावर घेऊन फिरणारा पिंजारी दिसेनासा होत गेला. आज महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत पिंजारी हे नाव आहे, त्या नावाचा धंदा मात्र शोधावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे गर्भार बाईने उघडपणे नवे कापड आणून बाळाचे कपडे शिवणे अशुभ का मानले गेले? 'कानून-ए-इस्लाम' हे जाफर शरीफ यांचे दखनी मुसलमानांच्या चालीरीतींवरचे पुस्तक, ज्याचा इंग्रजी अनुवाद डॉ. हरक्लॉट्स यांनी १८३२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केला, ते जन्माच्या चालीरीतींपासूनच सुरू होते. त्यात सातव्या महिन्याचा सोहळा आहे, पुढे सहाव्या दिवसाची छठी, चाळीस दिवसांचा चिल्ला आहे. आपल्या सतमाशाची हिंदू शेजाऱ्यांच्या डोहाळजेवणाशी तुलना करून पाहावी. दोन्हीकडे नवे वस्त्र, फुले, ओटी, गोडधोड. पण सगळा साज आईचा. येणाऱ्यासाठी तिथे नवे काही आणत नाहीत. नवा कुर्ता येतो तो छठीला, म्हणजे मूल पहिले काही दिवस तगल्यानंतर.

माझ्या मते या चालीचे कारण धर्मात शोधण्यापेक्षा मृत्यूच्या आकड्यांत शोधावे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. नगर जिल्ह्याने त्यात १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ सोसले. अशा काळात नवे कापड आणून, बेतून, शिवून पेटीत ठेवायचे आणि मग ते तसेच पेटीत राहायचे, हे दुःख बाईला टाळायचे होते. जुन्या लुगड्याचे दुपटे शिवण्यात ती सोय होती. कोणी विचारले तर म्हणता येई, घरातल्या चिंध्या जोडते आहे. मूल जगले तर ते त्याचे दुपटे. न जगले तर घरातले एक फडके. शिवायचे, पण शिवते आहे असे म्हणायचे नाही.

हीच रीत नावांतही दिसते. ज्या घरात मुले जगत नसत तिथे पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू, चिंधू अशी नावे ठेवत, म्हणजे मृत्यूने त्याला बिनकामाचे समजून सोडून द्यावे. आपल्याकडे फकीर, फकीरा ही नावे त्याच जातीची आणि दगडू तर आपल्याकडच्या शेखांत, पठाणांतही सापडतो. मुहर्रमच्या दिवसांत मुलाला हिरवा कपडा घालून फकीर करण्याचा नवसही याच भीतीतला. चिंधीचे दुपटे आणि चिंधू हे नाव यांच्यामागे एकच आई आहे. ती कोणत्या धर्माची, हे दुपट्यावरून ओळखता येत नाही. नगरच्याच शाह शरीफ यांच्या दर्ग्याशी भोसले घराण्याची अशीच आठवण जोडलेली आहे. मालोजीराजांनी मुलासाठी तिथे नवस केला आणि मुले झाल्यावर त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते. छत्रपतींच्या वडिलांचे नाव या गावच्या एका पीराचे आहे, हे आपल्या मुलांना सांगताना मला नेहमी बरे वाटते. पण त्या कथेतही नवस मालोजींचा. नऊ महिने पोटात वागवणाऱ्या उमाबाई काय शिवत होत्या, हे बखरकाराला विचारावेसे वाटले नाही.

भीतीचा दुसरा भाग ग्रहणाचा. गर्भार बाईने ग्रहणात सुई-कात्री हातात घेऊ नये, नाहीतर बाळाचा ओठ किंवा कान फाटका निघतो, असे आपल्या मोहल्ल्यांतूनही सर्रास सांगितले जाते. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशी देशभर रस्ते ओस पडले होते, हे मोठ्या माणसांकडून मी ऐकले आहे. मुसलमान घरात तरी ही समजूत टिकायला नको होती. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम इ. स. ६३२ मध्ये वारला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की पैगंबरांच्या मुलासाठी सूर्य काळा पडला. त्या शोकातही त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले की सूर्य-चंद्राला कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने ग्रहण लागत नाही. आपले मूल गेलेल्या बापाने हे सांगितले आहे. तरीही आपल्या बाया ग्रहणात सुई ठेवून देतात आणि आपण पुरुषांच्या मजलिशीत त्यावर कधी बोलत नाही.

सुधारकांनी या शिवणकामाकडे पाहिले, पण आपापल्या सोयीने. डेप्युटी नजीर अहमद यांच्या १८६९ च्या 'मिरात-उल-उरूस'मधील असगरी मुलींचे मकतब चालवते आणि तिथे वाचनाबरोबर शिवणटिपण व स्वयंपाकही शिकवते. तिच्या हातातली सुई सुघड गृहिणीची खूण म्हणून येते. मौलाना अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर'मध्ये बाळंतपणाच्या खर्चिक रूढींवर कडक टीका आहे. माहेरच्यांनी कर्ज काढून पहिले बाळंतपण साजरे करायचे, ही सक्ती आजही कित्येक बापांना रडवते, त्यामुळे ती टीका योग्यच होती. मात्र जुन्या लुगड्याचे दुपटे या खर्चात कधीच नव्हते. ज्या माहेराला दुसरे काही देता येत नव्हते ते निदान एवढे देऊ शकत होते.

नगरमध्ये शिवणाला शाळेचा दर्जा मिळाला तो मिशनमुळे. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे १८३१ मध्ये सुरू झाले. मिस सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे नगरला त्यांच्याकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. मुलींच्या मिशन शाळांतून वाचन-लेखनाबरोबर शिवण आणि विणकामही असे. लोकरीचे मोजे, सुयांवर विणलेली टोपडी, फलालैनचे झबले हे प्रकार त्याच वाटेने घराघरांत पसरले असावेत. पुढे यंत्र आले. सिंगरचे पेटंट १८५१ चे. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा मशीन काढले आणि शिवणयंत्र हळूहळू आपल्या मुलींच्या जहेजात जाऊन बसले. मशीनमुळे कित्येक बेवा बायांची चूल पेटली. पण दुपटे आणि गोधडी मात्र पुष्कळ काळ हातानेच शिवली गेली, कारण पाच-सहा पदरांचा जाड थर घरगुती मशीनच्या पायाखाली नीट सरकत नाही.

गोधडीचा धावदोरा बहुधा काठापासून सुरू होतो आणि फिरत फिरत मध्याकडे येतो. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी बाया अशाच गोधड्या शिवतात. त्यांत मुसलमानही आहेत, हिंदू आणि ख्रिस्तीही. चारही कोपऱ्यांना त्या घडी घातलेल्या कापडाचे फूल लावतात. त्याशिवाय गोधडी उघडी दिसते, असे त्यांचे म्हणणे. मलिक अंबरच्या (मृत्यू १६२६) नगरला हबशी माणूस परका नाही, पण तेवढ्यावरून या दोन गोधड्यांचे नाते जोडण्याची घाई मी करणार नाही. बंगालमधील हिंदू-मुसलमान बायाही जुन्या साड्यांचे थर लावून बाळासाठी कांथा शिवतात आणि दोरा साडीच्या काठातूनच ओढून घेतात. एवढ्या दूरदूरच्या बायांनी एकमेकींना न विचारता जुनेच कापड निवडले.

माझे म्हणणे तपासून पाहण्यासारखा पुरावा जिल्ह्यातच आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७१ मध्ये त्यांच्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. गावच्याच निरक्षर बायांना शिकवून, स्वच्छ बाळंतपण, लस आणि आहार यांच्या जोरावर पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या आत आला. २०२० च्या नमुना नोंदणीत साऱ्या महाराष्ट्राचा आकडा १६ आहे. आणि याच काळात नव्या कापडाची भीती कमी झालेली दिसते. आजची मुलगी सातव्या महिन्यात नगरच्या कापडबाजारात जाऊन झबल्याचे सुती कापड स्वतः निवडते, तिची आई कुरकुरते, पण अडवत नाही. मौलवींच्या उपदेशाने किंवा सुधारकांच्या लेखांनी जे झाले नाही ते मुले जगू लागल्यावर झाले.

उबेचा प्रश्न मात्र जुन्या बायांनी बरोबर ओळखला होता. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्यांच्या आरोग्यदूतांच्या सामानात सुई, औषध, वजनकाट्याबरोबर बाळाला गुंडाळायची उबदार कापडी पिशवी असते. फिनलंडने तर कायदा करून १९३८ मध्ये गरीब गर्भार बायांना बाळाच्या सामानाची पेटी द्यायला सुरुवात केली आणि १९४९ पासून ती सर्वांना दिली. अट एकच, वेळेत दवाखान्यात तपासणीला यायचे. सुरुवातीच्या पेट्यांत शिवलेल्या कपड्यांऐवजी कापड असे, कारण आया घरीच शिवत. महाराष्ट्र शासनानेही २०१९ मध्ये पहिल्या बाळंतपणासाठी बेबी केअर किटची योजना आणली. त्यात लहान गादी, टॉवेल, मच्छरदाणी, लोकरीचे कपडे होते. सरकारी बाळंतविडाच तो.

ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज त्या बाया मात्र तेव्हा गावात नसतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. त्यांत आपलीही माणसे आहेत. दिवस भरत आलेली बाई मोळ्या वाहते आणि उसाच्या पाचटाच्या कोपीत बाळंत होते. तिचा बाळंतविडा पावसाळ्यात, गावी असतानाच शिवून ठेवावा लागतो. म्हणजे पोटात मूल असो वा नसो, आषाढ-श्रावणात गोधडी शिवायचीच. ती गोधडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामानाच्या तळाशी जाते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील मुलींना मी घरातल्या सर्वांत जुन्या गोधडीविषयी लिहून आणायला सांगितले. कोणी शिवली, कोणत्या महिन्यात, कशाची, कोणासाठी आणि आत कोणते कापड आहे, एवढेच प्रश्न. 'कशाची' याची उत्तरे भरभरून आली, अगदी लुगड्याच्या रंगासकट. 'कोणासाठी' यावर बहुतेक आज्यांनी 'अशीच शिवली' म्हणून सांगितले होते. एका मुलीच्या नानीने मात्र सविस्तर लिहून दिले. प्रत्येक खेपेला ती एक दुपटे शिवी, तीन काठ पक्के करी आणि चौथा उघडा ठेवी. तो मूल झाल्यावर छठीच्या दिवशी शिवायचा. मुलीने हुशारीने पुढचे दोन प्रश्न स्वतःच्या मनाने विचारले होते. मुले किती? सहा. दुपटी किती शिवली? नऊ.